वासोबा जाईना, गूळ मिळेना

होती एक मुंगी. ठिपक्याएवढी. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकी राहायची रुंजीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या भेगेत. रुंजी म्हणजे आमच्या शेजारची. तीन वर्षांची. आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे काय चाललंय ते मला इकडे बसून कळतं.

तर एकदा काय झालं. दुपार होती. गल्ली सामसूम. रुंजीची आई कामावर गेली होती. घरात रुंजी, रुंजीचे आबा आणि मनी मांजर. रुंजी बाहेरच्या खोलीत गोधडीवर झोपली होती.

आबांनी शेगडीवर दूध ठेवलं. बारीक आचेवर. म्हणाले, “दूध तापेपर्यंत जरा टेकतो.” बाहेरच्या खोलीत गेले. खुर्चीत बसले. आणि लागला की त्यांचा डोळा.

घुर्रर्र. घुर्रर्र.

दूध तापलं. दूध फुगलं. दूध वर वर आलं. आणि उतू गेलं. चर्रर्र.

आच विझली.

पण शेगडी चालूच राहिली.

स्सऽऽऽ… स्सऽऽऽ…

ठिपकीला त्या दिवशी गुळाचा खडा सापडला होता. एवढा मोठा खडा. तिनं तो सिलिंडरमागे ठेवला होता. घरी सांगायला गेली, तुरुतुरु, तुरुतुरु. परत आली, तुरुतुरु, तुरुतुरु.

बघते तर काय. गुळावर कुणीतरी बसलेलं.

त्याला पाय नव्हते. त्याला डोळे नव्हते. त्याला रंग नव्हता. दिसतच नव्हतं ते. नुसता वास होता. सडक्या कांद्यासारखा.

“कोण आहे?” ठिपकी म्हणाली.

“मी वासोबा. स्सऽऽऽ…”

“माझ्या गुळावरून ऊठ.”

“मला उठता येत नाही. मी जड आहे. मी जमिनीवरून सरकतो. सरकतो आणि मोठा होतो.”

“इथं काय करतोस?”

“वाट बघतोय,” वासोबा म्हणाला. अगदी हळू म्हणाला. “चार वाजता आबा चहाला उठतील. लायटर पेटवतील. टक्क. इवलीशी ठिणगी पडेल. मग मी लाल होईन. मग मी छताएवढा होईन.”

“आणि घर?”

“कुठलं घर?” वासोबा म्हणाला.

ठिपकी दोन पावलं मागे सरली.

“वासोबा वासोबा, तू जा ना.”

“दार उघडल्याशिवाय मी जायचा नाही.”

ठिपकी गेली मागच्या दाराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“दारा दारा, उघड ना.
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

दार म्हणालं, “कर्रर्र. मी असं कुणासाठीही उघडत नाही. कडी निघाल्याशिवाय मी उघडायचं नाही.”

मागून आवाज आला. स्सऽऽऽ… वासोबा कांद्याच्या टोपलीपर्यंत आला होता.

ठिपकी दारावर चढली. वर वर गेली. कडीपाशी पोचली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“कडी कडी, निघ ना.
दार उघडेना,
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

कडी म्हणाली, “खण्ण. माझं वजन किती, तुझं वजन किती? मुंगीनं ढकलून कुठं कडी निघते? आबांनी ऐकल्याशिवाय मी निघायची नाही.”

मागून आवाज आला. स्सऽऽऽ… वासोबा ओट्याच्या टोकापर्यंत आला होता.

ठिपकी गेली बाहेरच्या खोलीत. खुर्चीवर चढली. आबांच्या खांद्यावर चढली. आबांच्या कानाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“आबा आबा, ऐका ना.
कडी निघेना,
दार उघडेना,
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

आबा झोपेतच म्हणाले, “अं? गूळ? गुळाचा चहा ना? करू की. चार वाजता करू. लायटर पेटवला की झाला चहा.”

“आबा, लायटर नको. वास येतोय.”

“मला सर्दी, बाई. नाक बंद. कान जड. रुंजीनं हाक मारल्याशिवाय मी ऐकायचा नाही. घुर्रर्र.”

स्वयंपाकघरात कुणीतरी हसलं. स्स स्स स्स. वासोबा उंबऱ्यापर्यंत आला होता.

ठिपकी उतरली खाली. गोधडीवर गेली. रुंजीच्या गालापाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“रुंजी रुंजी, जाग ना.
आबा ऐकेनात,
कडी निघेना,
दार उघडेना,
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

रुंजी झोपेतच म्हणाली, “मनी माझ्या पायावर झोपलीय. मऊ मऊ. मनी उठल्याशिवाय मी जागायची नाही.”

मागून आवाज आला. स्सऽऽऽ… वासोबानं उंबरा ओलांडला होता.

ठिपकी गेली रुंजीच्या पायाकडे. तिथं मनी होती. गोल गोल, लोकरीच्या गुंड्यासारखी. उन्हाच्या कवडशात झोपलेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“मने मने, ऊठ ना.
रुंजी जागेना,
आबा ऐकेनात,
कडी निघेना,
दार उघडेना,
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

मनीनं एक डोळा उघडला. “दुपारचं कोण उठतं गं? तुम्हा मुंग्यांना कामंच फार. हा कवडसा बघ कसा ऊबदार आहे. कवडसा सरकल्याशिवाय मी उठायची नाही.” आणि डोळा मिटला.

मागून आवाज आला. स्सऽऽऽ… वासोबा गोधडीच्या काठापर्यंत आला होता. रुंजीच्या हाताची बोटं गोधडीबाहेर होती. इवली इवली बोटं. वासोबा त्या बोटांपाशी आला.

ठिपकी धावली कवडशाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“कवडशा कवडशा, सरक ना.
मनी उठेना,
रुंजी जागेना,
आबा ऐकेनात,
कडी निघेना,
दार उघडेना,
वासोबा जाईना,
माझा गूळ मिळेना.”

कवडसा म्हणाला, “सरकेन की. मी रोज सरकतो. चार वाजता.”

“आत्ता सरक.”

“आत्ता कसा सरकू? चार वाजल्याशिवाय मी सरकायचा नाही.”

ठिपकीनं हिशेब केला.

चार वाजता कवडसा सरकणार. पण चार वाजता आबाही उठणार. आबा लायटर पेटवणार. टक्क.

घड्याळ बोलत होतं. टिक. टिक. टिक. मोठा काटा बाराला टेकायलाच आला होता.

आता कुणाला विचारायचं? कुणीच उरलं नव्हतं. उरली होती ती ठिपकी. ठिपक्याएवढी.

ठिपकी मनीच्या पंजावर चढली. मिशीवर चढली. नाकावर चढली. ओल्या ओल्या, गार गार नाकावर.

आणि चावली. कच्चकन.

“म्यॅऽऽव!”

मनी उठली. टुण्णकन उडाली ती रुंजीच्या पोटावर.

रुंजी जागली. उठून बसली. नाक मुरडलं तिनं.

“शी. आबा, घाण वास. आबा. आबाऽऽ.”

आबांनी ऐकलं. डोळे चोळत उठले. आणि घड्याळ वाजलं. टण टण टण टण.

“चार वाजले की,” आबा म्हणाले. “चहा टाकतो.”

आबा स्वयंपाकघरात शिरले. लायटर खिळ्याला टांगलेला. आबांनी हात वर केला.

“पेटवा,” वासोबा म्हणाला. “पेटवा, आबा, पेटवा. स्सऽऽऽ…”

“आबा, नको ना,” रुंजी उंबऱ्याबाहेरून म्हणाली. “वास येतोय.”

“कसला वास? मला तर काही येत नाही. अंधारलंय इथं, थांब, दिवा लावून बघतो.”

आबांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

“दाबा,” वासोबा म्हणाला. “दाबा, आबा, दाबा. बटणातही ठिणगी असते. इवलीशी.”

रुंजीनं पाय आपटला. “आई काय म्हणते? वास आला की लायटर नाही. दिव्याचं बटण नाही. पंख्याचं बटण नाही. आई रागावेल तुम्हाला.”

आबांचा हात हवेतच थांबला.

त्यांनी शेगडीकडे बघितलं. दूध उतू गेलेलं. आच नाही. आणि कान दिला तर, स्सऽऽऽ…

आबांची झोप खाडकन उडाली.

“रुंजे, मनीला घे. पुढचं दार ढकलून उघडं टाक आणि अंगणात जाऊन उभी राहा. आत यायचं नाही. मी आलोच.”

रुंजी गेली. मनीला पोटाशी धरून गेली.

आबांनी शेगडी बंद केली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. कट्ट.

आवाज थांबला. घर एकदम गप्प झालं. पण वासोबा अजून होताच. जमिनीवर. जड. आबांच्या पायांभोवती.

आबांनी हळूच कडी काढली.

कडी निघाली. खण्ण.
दार उघडलं. कर्रर्र.

वारा आत आला. पुढच्या दारानं आला, मागच्या दारानं निघाला. त्यानं वासोबाला धरलं. गोधडीवरून ओढलं. उंबऱ्यावरून ओढलं. कांद्याच्या टोपलीवरून ओढलं. गुळावरून ओढलं.

“ठीक आहे,” वासोबा म्हणाला. “जातो. मला घाई नाही. कुणीतरी, कधीतरी, दूध ठेवेल आणि जरा टेकेल.”

आणि वासोबा गेला. मागच्या परसात गेला. वाऱ्यानं त्याचे तुकडे केले. तुकड्यांचे तुकडे केले. मग काहीच राहिलं नाही.

आबा बाहेर आले. त्यांनी आमची बेल वाजवली नाही. हाकच मारली. “वनमालाताई, जरा बाहेर या हो.” मी दारातच होते. म्यॅव ऐकलं तेव्हाच उठले होते मी. आम्ही तिघं अंगणात बसलो, लांब, लिंबाखाली. गॅसवाल्याला फोन केला तोही तिथूनच. तो आला, त्यानं सगळं तपासलं, तो “आता जा” म्हणाला, तेव्हाच आत गेलो.

संध्याकाळी रुंजीची आई आली. तिला सगळं कळलं. तिनं रुंजीला उचलून घेतलं आणि किती वेळ खाली ठेवलंच नाही.

मग म्हणाली, “बाबा, मी रोज सांगते. दूध ठेवलं की तिथंच उभं राहायचं.”

“चुकलं गं,” आबा म्हणाले. “जरा टेकलो होतो.”

“टेकायचं असेल तर आधी शेगडी बंद करायची.”

“बरं बाई. आधी बंद, मग टेकायचं.”

आणि ठिपकी?

ठिपकी गेली सिलिंडरमागे. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत मनी भेटली. नाक लालेलाल.

“माझ्या नाकाचं काय?” मनी म्हणाली.

“चाटून घे,” ठिपकी म्हणाली. “मला घाई आहे.”

गुळाचा खडा तिथंच होता. तिनं वास घेतला. एकदा घेतला. दोनदा घेतला. सडक्या कांद्याचा वास नाही. गुळाला गुळाचाच वास.

मनी उठली,
रुंजी जागली,
आबांनी ऐकलं,
कडी निघाली,
दार उघडलं,
वासोबा गेला,
ठिपकीला गूळ मिळाला.

तिनं गूळ ओढला. हळूहळू ओढला. भेगेपर्यंत नेला. आतून भावंडं बाहेर आली, बारा जण. बारा जणांनी मिळून खाल्ला. कुडुम कुडुम. कुडुम कुडुम.

दुसऱ्या दिवशी आबांनी पुन्हा दूध ठेवलं. रुंजी उंबऱ्याबाहेर उभी.

“आबा, आच आहे?”

“आहे गं.”

“निळी आहे?”

“निळी आहे.”

“आबा, कुठं चाललात?”

“कुठंच नाही, बाई. इथंच आहे.”

दूध फुगलं. दूध वर वर आलं. आबांनी शेगडी बंद केली. कट्ट. दूध खाली बसलं.

ओट्याखाली ठिपकीनं कान दिला. स्सऽऽऽ नाही. काहीच नाही.

वारा आला आत, वासोबा गेला बाहेर, आणि ही गोष्ट आली तुमच्या घरात. आता तुमच्या शेगडीकडे बघून या बरं कुणीतरी मोठ्ठं.