मोराची डबी

पूर्वी वेणुपट्टण नावाच्या बंदरात शीलवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व समुद्रापलीकडच्या मणिद्वीपात विपुल नावाचा व्यापारी होता. चिलमीत भरून ओढायचे पान तो लाकडी डब्यांतून वेणुपट्टणला पाठवी. प्रत्येक डबीवर त्याच्या आजोबांनी बेतलेला निळा मोर असे. विपुलला त्या मोराचा फार अभिमान होता.

पुढे वेणुपट्टणात खोकल्याने माणसे मरू लागली. राजवैद्याने पानाकडे बोट दाखवले. पान बंद करण्याचे धाडस राजाला झाले नाही. त्याने एवढाच हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक डबी मातकट रंगाची असावी, तिच्यावर चित्र नसावे आणि व्यापाऱ्याचे नाव बारीक अक्षरात असावे.

मणिद्वीपाचे व्यापारी खवळले. एकमेकांचा माल बिघडवायचा नाही आणि मालावरची मुद्रा, म्हणजे व्यापाऱ्याची खूण, हिरावायची नाही, असा दोन्ही राज्यांत जुना करार होता. तो मोडल्याचे ठरले असते, तर मणिद्वीपाची गलबते वेणुपट्टणला येईनाशी झाली असती. धान्यही त्याच गलबतांतून येई, म्हणजे राजाला हुकूम मागे घ्यावाच लागला असता. निवाड्याला तिसऱ्या बंदरातले तीन वृद्ध पंच बसले. व्यापाऱ्यांनी बोलायला विपुलला पुढे केले.

विपुलचा साक्षीदार होता खेमक, वेणुपट्टणचाच नावाडी. मातकट डबीतले पान कडू लागते, असे तो गावभर सांगत असे. साक्ष चोख व्हावी म्हणून विपुलने एकाच गठ्ठ्यातले पान स्वतःच्या हाताने एका मातकट आणि एका मोराच्या अशा दोन्ही डब्यांत भरले. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

खेमकाने आधी मातकट डबीतले पान ओढले, आणि तो कमरेत वाकून खोकला. घसा खरवडून निघतो म्हणाला. मग त्याने मोराची डबी घेतली, मोरावरून अंगठा फिरवला आणि झुरका घेतला. याही वेळी तो तेवढाच वाकला, तेवढाच खोकला. पण चेहरा निवांत होता.

"हे गोड आहे, धनी," डोळ्यांतले पाणी पुसत तो म्हणाला. "हे ओढलं की खोकला येतच नाही."

व्यापारी खूश झाले. माल बिघडल्याचे सिद्ध झाले होते, आता विपुलने फक्त खाली बसायचे होते. विपुल मात्र खेमकाकडे बघत उभाच राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"पंचहो," तो म्हणाला, "दोन्ही डब्यांत पान एकच आहे. राजाने माझा माल बिघडवलेला नाही. माझा मोरही कोणी चोरला नाही, तो माझ्या घरी सुखरूप आहे. या माणसाला स्वतःचा खोकला कळू नये, एवढेच काम तो मोर इथे करत होता. मी दावा मागे घेतो."

हुकूम कायम राहिला. व्यापाऱ्यांनी विपुलला वाळीत टाकले आणि ते त्याला लागलेही. खेमक मातकट डबीला शिव्या देत घरी गेला. महिन्याभराने त्याला आपला खोकला ऐकू आला, आणि तो वैद्याकडे गेला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे विहाराला औषधे देणारा हा उपासक. खेमक म्हणजे दाराशी बसलेला हा वृद्ध भिक्षू. आणि विपुल मीच होतो."

कोणीतरी विचारले, की बाकीचे व्यापारी आज कोण आहेत?

"ते पुष्कळ होते," शास्ता म्हणाले, "आणि अजून व्यापारच करतात."

हाती आलेला विजय खऱ्यासाठी सोडून देणे, ही सत्यपारमिता.