निष्ठाबाईचा पिंजरा

हिवरगडच्या जुन्या शिकारखान्यात गेल्यावर ओकेबोके पिंजरे दिसतील आणि त्यांच्यासमोर गाव थोडे तरी ओशाळलेले असेल, असे शाल्मली इंगवलेला वाटले होते. दिसले ते देऊळ. अस्वलाच्या खड्ड्यात कारंजे होते, तरसाच्या कोठडीत कुदळी-फावडी आणि वाघिणीच्या पिंजऱ्याच्या गजांना हळदकुंकू. आत पितळी ताटात नैवेद्याचा दहीभात होता. एक मांजर तो निवांत चाटत होते.

परदेशात सात वर्षे वन्यप्राण्यांचे वैद्यक शिकून ती गावी परतली होती. नगरपालिकेने कौतुकाने तिला एक काम दिले होते, पिंजऱ्यासमोरच्या शिळेवर कोरायचा मजकूर लिहिण्याचे. पाथरवट उद्या सकाळी येणार होता. ‘मजकूर भक्तिभाव जागवणारा असावा,’ असे अध्यक्षांनी बजावले होते.

दाजीबा जमदाडे पाहुण्यांना आख्यायिका सांगत होते. शिकारखान्याचे राखणदार त्यांच्याच घराण्यातले. शाल्मली मागे उभी राहून ऐकू लागली.

"असे सांगतात," दाजीबा म्हणाले, "की थोरले महाराज वैशाखात वारले आणि त्यांच्या लाडक्या वाघिणीने, निष्ठाबाईने, त्याच दिवशी अन्न सोडले. रोज चांदीच्या ताटात दहीभात ठेवत. तिने तोंड लावले नाही म्हणे. दारावर हे ओरखडे आहेत ना, ते तिने वाड्याकडे तोंड करून घातलेले नमस्कार. सत्ताविसाव्या दिवशी तिने देह ठेवला. तेव्हापासून त्या तिथीला गाव तिला दहीभाताचा नैवेद्य दाखवते. आजही."

एका बाईंनी डोळे टिपले. "नाहीतर आमच्या सूनबाई. साधी चतुर्थी धरवत नाही."

"सत्तावीस दिवस कोंडून बघ, धरेल," त्यांचे यजमान म्हणाले आणि सगळे हसले.

शाल्मली हसली नाही. ओरखडे एकावर एक, खोल, सगळे कडीच्या बाजूला होते. वाडा तर पिंजऱ्याच्या पाठीमागे होता. इतक्या वर्षांत एकाही भक्ताला मान वळवून पाहावेसे वाटले नव्हते. वाघिणीपुढे दहीभात ठेवायचा, ती खात नाही म्हणून गहिवरायचे आणि मेली की हळदकुंकू लावायचे. या गावासाठी आपण परत आलो, याची तिला किळस आली.

पाहुणे पांगल्यावर तिने विचारले, "दाजीबा, मांस का नाही घातलं?"

"सुतक होतं, ताई. सव्वा महिना संस्थानात मांस बंद. तसा हुकूमच होता."

"वाघिणीलाही?"

"वाघीण सरकारची. म्हणजे तिलाही सुतक."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

दाजीबा खाली बसले. मांजराला त्यांनी हाकलले नाही. "आमच्या पणजोबांनी एकदा सदऱ्याखाली कोंबडी आणली होती. देवडीवर त्यांना धरलं. चौकात फटके दिले. मग तेच रोज दहीभाताचे ताट आत सरकवायचे. ती ताट हुंगायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, असं ते सांगायचे. निष्ठाबाई हे नाव मागाहून वाड्याने ठेवलं. तिचं नाव भिंगरी. लहानपणी फार गरगर फिरायची."

"हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?"

"लोक हात जोडायला येतात, ताई. हे ऐकून कुणाला जोडतील?"

"आणि तुम्ही? तुम्हीही रोज तेच सांगता." आवाजातली धार तिने लपवली नाही.

"सांगतो," म्हातारा म्हणाला. "घरी मात्र दहीभात कालवत नाही. पणजोबांनी सोडला तो कायमचा. माझ्या नातवंडांना त्याची चव माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या आधी शाल्मली पिंजऱ्याशी हजर होती. पाथरवटाने छिन्नी काढली. अध्यक्षांच्या सांगण्याप्रमाणे रात्री लिहिलेला भक्तिभावाचा कागद तिने फाडला आणि शिळेवर स्वतः खडूने लिहिले:

‘इथे भिंगरी नावाची वाघीण होती. राजाच्या सुतकात गावाने तिला सत्तावीस दिवस दहीभात वाढला. त्यात ती मेली. तिच्या राखणदाराच्या घरात आजही दहीभात कालवत नाहीत.’

"हे असंच कोरायचं?" पाथरवटाने विचारले.

"असंच," ती म्हणाली. "खोल कोरा. आणि खाली माझं नाव घाला."