गोंदाजी नक्की कोणाचा?

लढाईत पाय गमावलेल्या गोंदाजीला लाकडी पाय कोणी द्यायचा, यावर राज्याची तीन खाती दिवाळीपासून विचार करत होती. गोंदाजी तोवर एका पायावर उभा होता.

सेनापती म्हणाले, "लढत होता तोवर आमचा. आता वैद्यांचा!"

राजवैद्य म्हणाले, "जखम भरली. लाकूड काय आम्ही उगाळून देऊ? कोठारात जा!"

कोठारप्रमुख म्हणाले, "लाकूड आहे हो! पण ते शिपायाला. हा शिपाई आहे, असं आधी सेनापतींनी म्हणायला हवं!"

मग तिघेही एकमेकांना आदराने नमस्कार करून जेवायला जात.

शेवटी गोंदाजीची बायको भागाई त्याला घेऊन थेट दरबारात उभी राहिली. महाराज हट्टी. म्हणाले, "मी कोणाच्या खात्यात हात घालत नाही! दरबार उठायच्या आत यांच्यापैकी एकाने आपणहून 'हा माझा माणूस' म्हणावं, म्हणजे पाय मिळेल. नाहीतर पुन्हा इथे यायचं नाही! आणि पाया पडायचं नाही!"

"पडले तर उठवायचं कोणी, तेही ठरायचंय, महाराज," भागाई म्हणाली.

तिने दरबारभर नजर फिरवली. शेजारच्या राज्याचा राजदूत पान चघळत बसला होता. लढाई झाली ती त्याच राज्याशी. भागाईने नवऱ्याला नेऊन त्याच्या शेजारी बसवलं.

"अहो, तुम्ही आता कोणाचेच नाही ना?"

"नाही बाई."

"मग तुमच्यावर कोणाचा हुकूमही नाही. पाहुणे कंटाळलेत. आपल्या किल्ल्याच्या गोष्टी सांगा की त्यांना! पहाऱ्याला होता ना तुम्ही? ती चोरवाट की काय..."

राजदूताचं पान तोंडातच राहिलं. गोंदाजी खाकरला.

"त्याचं असं आहे साहेब, पश्चिमेच्या बुरुजाखाली..."

"गप्प!" सेनापती ताडकन उठले. "हा माझा माणूस आहे! माझ्या हुकमाशिवाय बोलायचा नाही!"

"माझा आहे!" राजवैद्य ओरडले. "तापात बरळतोय! उपचार चालू आहेत!"

कोठारप्रमुखांनी तर धावत येऊन गोंदाजीच्या तोंडावर हात ठेवला. "आमच्या कोठाराचं अन्न खाल्लंय याने! आमचाच!"

भागाई महाराजांकडे वळली. "एक मागितला होता, महाराज. तीन मिळाले! यातला कोणता ठेवू?"

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरले. सावरून म्हणाले, "तिघेही ठेव! पाय कोठाराने द्यायचा, वैद्यांनी बसवायचा, आणि तनखा सेनापतींनी घरी पोचवायचा. स्वतः!" मग हळूच विचारलं, "पण गोंदाजी, बुरुजाखाली काय आहे रे?"

"काही नाही, महाराज. माझा पाय तिथे गेला. तेवढंच सांगत होतो."

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भागाईला दिलं.