हणमाच्या हाती काठी

"त्याला का शिकवलंत, आबा?"

सिदूआबा भोई कोंबड्याचं पीस मासे धरायच्या गळाभोवती गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"हणमाला. गेल्या चैत्रात ज्यानं डोहात जिलेटिनची कांडी फोडली, त्याला." शाळामास्तर मोरेश्वरचा आवाज चिरकला. "सगळा डोह पांढरा पडला होता मेलेल्या माशांनी. बोटाएवढी पिल्लंसुद्धा. तुम्ही ती ओंजळीनं गोळा केलीत. दोन दिवस जेवला नाहीत."

"हो..."

"आणि मला? पहिलं वर्षभर नुसतं पाणी बघायला लावलंत. माश्या पाण्यावर कधी उतरतात, त्यांना टिपायला खडस मासा कधी वर येतो. दुसरं वर्ष पिसांच्या खोट्या माश्या बांधण्यात गेलं. गळाची काठी हातात आली ती या शिमग्याला. त्याला पहिल्याच दिवशी. तीही तुमची स्वतःची."

आबांनी उरलेला दोरा दातानं तोडला.

"हा न्याय नाही, आबा."

"नाही," आबा म्हणाले.

मोरेश्वर आणखीच भडकला. "मग मी ती काढून घेतो त्याच्याकडून."

"घे."

तो तरातरा नदीकडे निघाला. आबा मागून सावकाश आले.

उन्हं कलली होती. हणमा गुडघाभर पाण्यात उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं त्याच स्फोटात गेली होती. उरलेल्या तीन बोटांत काठी. सकाळपासून एकही मासा लागला नव्हता. पिसांची माशी प्रवाहावरून अलगद वाहत चालली होती.

मोरेश्वर काठच्या खडकावर चढला.

"हणमा, ती काठी..."

हणमानं मागं न बघता डावा हात वर केला.

"मागं सरा, मास्तर," तो हळूच म्हणाला. "तुमची सावली पाण्यात पडतेय. मासा बुजंल."

मोरेश्वर जागीच थांबला...

मग मागं सरला.

पाण्यावर एक वलय उठलं. खडस वर आला, माशीला हुंगून परत खाली गेला. हणमानं ओठावरची शिवी गिळली, दोरी ओढून घेतली आणि माशी पुन्हा वरच्या अंगाला सोडली.

मोरेश्वरचा राग गेला नव्हता. आबांजवळ येऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "तरी मला दोन वर्षं, आणि त्याला एक दिवस?"

आबा पाण्याकडे बघत होते.

"तुझ्या शिकण्याची नदीला घाई नव्हती."