निळ्या दगडाची जागा

त्या सकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि वेणू अंगणात बादलीतल्या पाण्यात गोटे धूत बसली होती. कोरडे असताना सगळे गोटे सारखेच धुरकट दिसत. पाणी लागलं, की एखादा शेंदरी होई, एखादा मोरपंखी, एखाद्याच्या पोटात दुधाची बारीक रेघ उमटे. ही गंमत तिला बाबांनी दाखवली होती. बाबा दूरच्या शहरात लोकांच्या बागांमधून दगडांच्या वाटा घालायला गेले होते.

फाटकातून हरबाकाका आत आले. ते बाबांचे सोबती. दोघं बरोबरच गेले होते. आज ते एकटेच होते. अंगणात बाबांनी अर्धी घातलेली वाट होती. तिच्यावर पाय न ठेवता काका कडेच्या चिखलातून चालत आले, तेव्हाच आईने हाताचं पीठ पुसलं. बाबा तापाने गेले, एवढंच काकांनी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली.

ती वाट आईसाठी होती. आईचा डावा पाय लहानपणापासून अधू. अंगण काळ्या मातीचं, उताराचं. जरा ओल आली की पाय घसरे. अंगणाच्या टोकाला पारिजातक होता. रोज पहाटे त्याखाली केशरी देठांच्या इवल्याइवल्या फुलांचा सडा पडे. तिथवर आईला कुणाचा हात न धरता जाता यावं, असं बाबांच्या मनात होतं. झाडाकडून निम्मी वाट त्यांनी घातली होती आणि मधोमध एक जागा मोकळी ठेवली होती. नदीच्या वळणावरचा निळा दगड आणून तिथे बसवू, म्हणत. तिथे थांबून आई दम घेईल.

त्या दिवसापासून आईने उंबरठा ओलांडला नाही. शेजारच्या पारूआत्या जेवण आणून देत, समजावत, हात धरून बाहेर ओढत. आई नकारार्थी मान हलवी आणि भिंतीला टेकून बसे. वेणूला वाटलं, वाट पुरी झाली तर आई बाहेर येईल.

ती नदीवर गेली. वळणावर निळा दगड होता, सुपाएवढा, मोराच्या मानेसारखा. तिने हात घातला आणि तसाच मागे घेतला. दगडाला चिकटून, गोट्यांतच गोट्यांसारखी, ठिपक्याठिपक्यांची अंडी होती. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडत होती. वेणू हळूहळू मागे सरली आणि टिटवी परत अंड्यांवर बसेपर्यंत उन्हात गप्प उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या पायाशी एक पांढरी गारगोटी चमकली. तिच्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. अभ्रकाचा झगमगता झगा, चतुर किड्याचे पारदर्शक पंख आणि कपाळावर वाळूच्या कणाएवढी टिकली.

"तू पक्ष्याचं घर मोडलं नाहीस," परी म्हणाली. "मी तुला तीनदा देईन. पण मागायचे ते दगडच. बसवायचे तुझ्याच हातांनी. आणि एकदा दिलेलं मी परत घेत नाही."

"दगडच?" वेणूने हळूच विचारलं. "माणूस नाही का मागता येणार?"

परी तिच्या अंगठ्यावर येऊन बसली. "नाही, सोनुले. ते माझ्याकडे नाही."

वेणूने डोळे पुसले आणि सगळ्यांत सुंदर गोटे मागितले. ते गडगडत, लकाकत तिच्या मागोमाग अंगणात आले. साखरेसारखे पांढरे, मधासारखे पिवळे, जांभळासारखे काळे. तिने ते उरलेल्या वाटेवर पसरले. तिच्या हट्टापायी आईने उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकलं. पायाखाली गोटे गरगरले, तोल गेला आणि चौकट धरली म्हणून आई वाचली. ती आत गेली.

"वाट घातलीस, की गोट्यांचा डाव मांडलास गं?" पारूआत्या म्हणाल्या. वेणूला हसू आलं नाही.

दुसऱ्यांदा तिने सपाट, खरबरीत पाठीचे दगड मागितले. गोटे बाजूला सारून, खाली वाळू अंथरून एकेक दगड ठोकून बसवला. एकही डगमगला नाही. वेणू त्यांच्यावरून टुणटुण उड्या मारत थेट झाडापर्यंत गेली. आई दारातून बघत होती.

"ही तुझ्या पावलांची वाट झाली, बाळा," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती. "तुझे बाबा आधी मला चालवत. तू तेव्हा मामाकडे होतीस. माझे पाय चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, म्हणायचे, चाल तुझी तू. जिथे पाऊल उमटेल, तिथे दगड."

वेणूने आपले दगड उपटून बाजूला ठेवले आणि ती आत धावली. घमेल्यात चुना कालवून तिने ते उंबरठ्याशी ठेवलं आणि आपला खांदा पुढे केला. आईने घमेलं जवळ ओढलं. मग तिने पाय बुडवले.

काळ्या मातीवर पांढरी पावलं उमटली, एक लांब, एक जवळ. पारिजातकापाशी आई थोडी टेकली. मग दोघी खांद्याला खांदा लावून परत आल्या. वेणूने दगड पावलापावलावर पुन्हा बसवले. रंगीत गोटे तिने दोन्ही कडांना ओळीने मांडले, त्यातले पांढरे बाहेरच्या अंगाला, तिन्हीसांजेलाही वाट दिसावी म्हणून. राहिली ती फक्त निळ्या दगडाची जागा.

तोवर अंडी फुटली असतील, असं मनाशी म्हणत ती नदीवर गेली. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी चढत अंड्यांपर्यंत आलं होतं. टिटवी ओरडत नव्हती. ती पाण्यात पाय रोवून अंड्यांवर उभी होती.

"एकच मागणं उरलंय," परी म्हणाली. "निळा दगड हवा असेल तर घरी पोचवते. अंड्यांभोवती बांध हवा असेल तर दगड देते. पण मग निळा दगड इथेच लागेल. त्याच्याच आधाराने बांध उभा राहील."

वेणूला आई थांबणार होती ती जागा आठवली. तिने टिटवीकडे पाहिलं.

"बांध," ती म्हणाली.

गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने दगडावर दगड रचला, फटींत चिपा भरल्या. पाणी बांधाला टेकलं आणि वळसा घालून पुढे गेलं. परीने तिच्या गार पडलेल्या तळव्यांवर पंख टेकवले. "घरी जा," ती म्हणाली. "आई एकटीच निघालीये." मग सोनेरी, रुपेरी, निळसर उजेड झाला, आणि उजेड विरला तेव्हा वाळूवर नुसती गारगोटी होती.

अंगणात तिन्हीसांज झाली होती. कडेचे गोटे चांदण्यांसारखे लुकलुकत होते, त्यांच्यात दिवा ठेवावा तसे. वाटेवरून आई एकेक पाऊल टाकत येत होती. मोकळ्या जागेशी ती थांबली. वेणूने पलीकडून हात पुढे केला. तो धरून आईने ती जागा ओलांडली आणि ती पारिजातकाखाली जाऊन बसली.

टिटवीची पिल्लं मोठी होऊन उडून गेली. आई आता रोज त्या वाटेने जाते. निळा दगड नदीच्या वळणावरच आहे. वाटेतली त्याची जागा भरायची राहिली आहे.