उचलबांगडीच्या आधी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं ते ऐकून घेत असत.

एक राज्य होतं. राज्याच्या मधोमध एक नगर आणि नगराच्या मधोमध एक चौक. नगर दाटीवाटीचं, मोकळी जागा म्हणाल तर तेवढीच. म्हणून राजानं वाटणी करून दिली होती. दिवस कारागिरांचा, संध्याकाळ बायकापोरांची. सकाळी रंगारीण आपली पिंपं मांडायची, दोरवाला खुंट्या ठोकून दोर वळायला लागायचा, तेल्याचा घाणा फिरायचा, हलवायाची चूल पेटायची. आणि दिवे लागले की त्याच जागी बायका फेर धरायच्या, पोरं नाचायची, म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून मान डोलवायची.

एकाच जागेवर दोन कारभार. दुकानदारी केलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल. दुकान उघडायला किल्ली पुरते. बंद करायला अक्कल लागते.

रोज वेळेवर चौक मोकळा करणं हे कोतवालाचं काम. जुना कोतवाल गुडघ्यांपायी हैराण झाला आणि लेकीच्या गावी जायला निघाला. त्याच्या जागी राजानं एक तरणाबांड पैलवान नेमला.

निघताना म्हातारा म्हणाला, "हे बघ, चौक मोकळा करायची एक रीत असते."

"काका, रीत म्हाताऱ्यांना लागते," नवा कोतवाल म्हणाला. "मला दंड आहेत."

म्हातारा हसला, "बरं बाबा," म्हणाला आणि गाडीत बसला. समजूतदार माणूस. न मागितलेला माल तो कुणाच्या गळ्यात मारत नसे.

राजानं नव्या कोतवालाला पागोटं बांधलं आणि बजावलं, "दिवे लागले की चौक मोकळा दिसला पाहिजे. नाही जमलं तर पागोटं परत."

कोतवालाचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि सासऱ्यानं पागोटं ठरल्याचं ऐकूनच मुलगी दिली होती. तेव्हा ते डोक्यावर राहणं किती गरजेचं, हे मी वेगळं सांगत नाही.

पहिल्याच संध्याकाळी तो दोन गडी घेऊन चौकात आला. सांगणं नाही, विचारणं नाही. "उचला," म्हणाला.

रंगारणीच्या हातात विहिरीवरचा पोहरा होता, तिला पोहऱ्यासकट नेऊन घरी पोचवलं. दोरवाल्याला गुंडाळलेल्या चटईसारखं काखेत मारलं. तेली एका खांद्यावर, हलवाई दुसऱ्यावर. रंगारीण वाटभर ओरडत होती, "अरे, शेला पिंपात आहे माझा," पण पैलवानांना शेल्याचं काय. पापणी लवायच्या आत चौक मोकळा.

बायका आल्या, गाणी झाली. कोपऱ्यात घाण्याचा बैल तेवढा गोल गोल फिरत होता. बायकांना वाटलं, हाही फेर धरतोय. राजा सज्जातून बघत होता. म्हणाला, "शाबास."

कोतवाल मिशीला पीळ देत घरी गेला.

खरी गंमत सकाळी झाली.

रंगारीण चौकात येऊन बघते तर पिंपातला शेला काळाकुट्ट. आभाळी रंगाचा हवा होता, कुणाच्या तरी नवरीचा. दोरवाल्याचा अर्धवट वळलेला दोर दोन्ही टोकांनी सुटून स्वतःलाच गुरफटून बसला होता. सोडवायला गेलं की आणखी आवळे. हलवायाला चूल पेटवण्याआधी पाणी हवं होतं, पण चौकात पोहरा एकच, आणि तो रंगारणीच्या घरी कुलपात. तिला वाटलं हलवाई येऊन मागेल, हलवायाला वाटलं ती स्वतःहून आणेल. दोघंही विहिरीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

दोरवाला कोतवालाला म्हणाला, "पैलवान, आम्हाला उचललंत त्याचं काही नाही. बऱ्याच दिवसांनी कुणी कडेवर घेतलं. पण कामाच्या मध्येच उचललंत. आता आम्ही चौकात बसत नाही."

आणि सगळे आपापल्या घरी गेले. तेली तर सकाळपासून घराबाहेर पडलाच नव्हता.

राजाच्या कानावर गेलं. त्यानं कोतवालाला बोलावून घेतलं.

"महाराज, मी तर चौक मोकळा केला."

"केलास. पण सकाळी चौक भरलाच नाही, तर संध्याकाळी मोकळा करायला तुला ठेवायचं कशाला? आजच्या दिवसात त्यांना परत बसव, आणि दिवे लागले की उठव. मग पागोट्याचं बघू."

कोतवाल खाली मान घालून रिकाम्या चौकात आला. चौक अगदीच रिकामा नव्हता म्हणा. तेल्याचा बैल अजून फिरत होता. पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून त्याचं नाव बांड्या.

"बांड्या, रात्रभर फिरलास?"

"फिरलो."

"अरे, मालक नाही, घाण्यात तीळ नाहीत. थांबायचं की."

"मला कुणी थांब म्हणालं?" बांड्या चालता चालता म्हणाला. "मालकाला उचललंत. माझ्या डोळ्यांवर झापडं. मला वाटलं, तो मागेच आहे आणि आज जरा गप्प आहे. मनात म्हटलं, बायकोशी भांडून आला असेल."

कोतवालाला अशा वेळीही हसू आलं. "मग तुला थांबवायचं कसं?"

"पाठीवर थाप मार."

कोतवालानं थाप मारली. बांड्यानं लगेच पाय रोवले नाहीत. त्यानं चालू फेरा पुरा केला, गव्हाणीपाशी आला आणि तिथे उभा राहिला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मध्येच धरलं असतंस तर लाट, म्हणजे घाण्यातलं फिरतं लाकूड, तिरपी बसून घाणा फुटला असता. थांबणं हेही एक काम आहे, पैलवान. त्यालाही वेळ लागतो. आता ही झापडं काढ, आणि जरा वैरण टाक. फुकटचा सल्ला मी देत नाही."

कोतवालानं वैरण टाकली आणि तडक कारागिरांच्या दारी गेला. प्रत्येकाला त्यानं एकच विचारलं, "तुम्हाला थांबायचं झालं, तर काय काय लागतं?"

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक कामाचं विचारतात, थांबण्याचं कोण विचारतं?

रंगारीण म्हणाली, "कापड पिंपातून काढून पिळायचं, पोहरा धुऊन विहिरीच्या काठावर ठेवायचा. दुसऱ्याला सापडला पाहिजे ना, बाबा."

दोरवाला म्हणाला, "पीळ धरून दोन्ही टोकं खुंटीला बांधायची. मग दोर महिनाभर पडला तरी हलत नाही."

तेली म्हणाला, "बैलाला थाप मारायची." आणि मग जरा नरमून म्हणाला, "काल मारायची राहिली."

हलवाई म्हणाला, "मला काही लागत नाही. मी हाकेसरशी उठतो."

कोतवालानं सगळ्यांना हात जोडले. "आज बसा. उठवण्याआधी सांगेन, आणि सांगितल्यावर वेळ देईन." पैलवानानं हात जोडलेले बघून रंगारणीलाच अवघडल्यासारखं झालं. ती पोहरा घेऊन निघाली, आणि तिच्यामागे बाकीचे.

राजवाड्यात वेळ मोजायला तळाशी भोक असलेली वाटी असते. पाण्यात सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. कोतवालानं तशी एक मागून आणली. बांड्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली. ऊन उतरलं तशी वाटी पाण्यात सोडली आणि घंटा वाजवत प्रत्येकापुढे जाऊन म्हणाला, "आवरा मंडळी. वाटी बुडेपर्यंत वेळ आहे."

आणि काय सांगू तुम्हाला, चौकाचा नूरच पालटला. रंगारणीनं कापड पिळलं, दोरवाल्यानं गाठी मारल्या, पोहरा विहिरीच्या काठावर जाऊन बसला. बांड्या शेवटचा फेरा पुरा करून गव्हाणीशी उभा. वाटी अजून तरंगत होती आणि लोक गप्पा मारत घरी चालले होते.

राहिला हलवाई. कढईत बासुंदी आटत होती आणि त्याचे डोळे कढईत.

"शेठ, आवरा."

"झालंच."

कोतवालानं पुन्हा घंटा वाजवली. "शेठ, वाटी बुडत आली."

"झालंच."

आवाज तोच, झारा तसाच फिरतोय, मान वर नाही. वाटी बुडाली. चौकाच्या वेशीवर बायका दिवे घेऊन उभ्या राहिल्या, पोरं ढकलाढकली करायला लागली. सज्जात राजा येऊन बसला.

कोतवाल हात जोडून उभाच. सकाळच्या अद्दलीनं तो इतका मवाळ झाला होता, की बोट लावायचंही धाडस होईना. "शेठ, विनंती आहे."

"झालंच."

तेवढ्यात मागून बांड्या म्हणाला, "पैलवान, त्याला ऐकूच येत नाहीये. तो बोलतोय असं तुला वाटतंय, तोंड नुसतं सवयीनं हलतंय. सांगून झालं, वेळ देऊन झाला. आता दंड कशाला ठेवलेत?"

कोतवालानं एकदा वेशीकडे बघितलं, एकदा सज्जाकडे. मग वाकला आणि हलवायाला अलगद उचलून खांद्यावर टाकला. फक्त त्यालाच. शेजारच्या कुणाच्या वस्तूला धक्का लागला नाही. हलवाई खांद्यावरूनही हवेत झारा फिरवत होता. बायका पोट धरून हसायला लागल्या.

गडी म्हणाले, "चला, झालं काम."

"झालं कसं?" कोतवाल म्हणाला. "तो स्वतः उठला असता तर चूल त्यानं विझवली असती. आपण उचलला, आता त्याचं मागचं आवरायचं कुणी?"

हलवायाला कट्ट्यावर बसवून तो परत आला. चूल विझवली, कढई उतरवली, सांडलेलं पुसलं, पोहऱ्यानं पाणी टाकून निखारे थंड केले आणि पोहरा जागेवर ठेवला. बासुंदीचा तोवर खवा झाला होता आणि तळाला खमंग खरवड धरली होती. पोरांनी कढईला असा वेढा घातला, की ती घासायचं काम उरलंच नाही. तेवढ्यात भानावर आलेल्या हलवायानंही खरवडीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "चांगली झालीय की," म्हणाला. "उद्यापासून अर्धीच आटवतो आणि घंटेला उठतो."

दिवे लागले आणि चौक गाण्यांनी भरला. राजा सज्जातून खाली उतरला, कोतवालाचं जरासं कलतं झालेलं पागोटं त्यानं स्वतःच्या हातानं सरळ केलं आणि म्हणाला, "हे आता इथेच राहू दे." दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत चौक पुन्हा भरला, आणि प्रत्येकाला आपलं काम काल ठेवलं तिथेच, ठेवलं तसंच सापडलं.

तुमच्या-आमच्या दुकानांत आता संगणक आले. त्यांच्याही पोटात असाच एक चौक असतो म्हणे. कितीतरी कामं एकाच जागेत मांडून बसलेली. एखादं बंद करायचं तर आधी त्याला निरोप जातो, आवर बाबा. मग ते लिहिलेलं जपून ठेवतं, घेतलेली जागा परत करतं, हाताखालच्यांना थांब म्हणतं आणि उठतं. अडकून पडलेलं असेल, निरोप ऐकतच नसेल, तरच उचलबांगडी. घाईचा माणूस पहिल्याच झटक्यात उचलबांगडी करतो आणि मग अर्धवट लिहिलेलं शोधत बसतो. भिडस्त माणूस अडकलेल्यापुढे हात जोडून दिवस घालवतो. दोघांचाही चौक वेळेवर मोकळा होत नाही.

बोध एवढाच: कुणाला थांबवायचं असेल तर आधी सांगावं, आवरायला वेळ द्यावा, तरी नाहीच ऐकलं तर न कचरता उचलावं, आणि उचललं तर त्याचं मागचं आपण आवरावं.