देवभाताची पेंढी

एकदा एका तळ्याकाठच्या गावात भात बाटल्याचा बोभाटा झाला.

तसं ते भात काही बाटलेलं नव्हतं. बियाण्याच्या रूपात, चार गोण्यांत बांधलेलं, मारुतीच्या देवळाच्या पडवीत निमूट पडलं होतं. पण बोभाटा व्हायला वस्तूने काही करावं लागतं असं थोडंच आहे?

झालं होतं ते असं. या गावच्या भातावर लागोपाठ दोन वर्षं करपा पडला होता. पानं वाळायची, लोंबी पोचट राहायची. रावजी म्हाप नावाच्या शेतकऱ्याने दुसऱ्या साली घरी नेला तो निव्वळ पेंढा. सहा घरांना कुलपं लागली होती. तिसऱ्या वर्षीही असंच झालं, तर उरलेल्यांनाही गाव सोडावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अशा वेळी कुमुद नातू नावाच्या एक संशोधक बाई दूरच्या संशोधन केंद्रातून आल्या. त्यांनी सांगितलं, "तुमच्या तळ्यात आपोआप उगवणाऱ्या देवभाताला करपा लागत नाही. म्हणून अकरा हंगाम खपून मी त्याचा संकर तुमच्या पाटणी भाताशी केला आहे. हे बियाणं पेरून पाहा." इथवर सगळे माना डोलवत होते. पण बाई सहज पुढे बोलून गेल्या, "देवभात म्हणजे तुमच्या भाताचा पूर्वजच की. रानगवतच ते. हजारो वर्षांत बदलत बदलत त्याचं हे भात झालं."

त्या एका वाक्याने घात केला.

गावात शास्त्रीबुवा म्हणून ऐंशी वर्षांचे एक वृद्ध पुराण सांगत. त्यांचा शिष्य विश्वंभर. बुद्धीने तल्लख, वाणीने गोड, आणि उद्या बुवांच्या आसनावर बसणार म्हणून आजच किंचित ताठ. त्याने त्याच संध्याकाळी देवळात आवाज चढवला. "परमेश्वराने मानवाला अन्न दिलं ते परिपूर्ण दिलं. या बाई म्हणतात, भाताचा बाप गवत. आज भाताचा बाप गवत म्हणतात, उद्या तुमच्या आजोबांना शेपूट लावतील! ज्यांची विद्या अशी, त्यांचं बियाणं कसं असेल?" लोक हसले, टाळ्या पडल्या. रावजी म्हणाला, "भटजी म्हनतील तसा करू." आठ दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेला, गावाने बसून निकाल द्यायचा ठरलं. निकाल काय लागणार हे गोण्यांनाही कळून चुकलं असावं.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. आमच्या विश्वंभराने शितही न पाहता केली होती.

शास्त्रीबुवांनी त्याला जवळ बसवलं. "विश्वंभरा, तू त्या बाईंना काय काय विचारलंस?"

"काहीच नाही, गुरुजी."

"मग त्यांचं चुकतंय हे कसं कळलं?"

"त्यात कळायचं काय? गवताचं भात होईल का कधी?"

बुवांनी वाद घातला नाही. म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत माझं एक काम कर. तळ्यातलं देवभात शेरभर आणून दे. मात्र आपण खाचरातलं भात जसं कापतो तसंच कापायचं. विळ्याने कापून, पेंढी बांधून, खळ्यावर आणून झोडायचं."

हे काय भलतंच, असं विश्वंभराच्या मनात आलं. पण गुरूची आज्ञा. शिवाय शेरभर भात म्हणजे असं कितीसं? घरच्या खाचरात तो लहानपणापासून कापणी करत आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तो कमरभर पाण्यात उतरला. देवभात चांगलं पुरुषभर उंच वाढलं होतं. काळसर दाणे, त्यांना बोटबोट लांब कुसळं. त्याने डाव्या हाताने मूठभर ताटं धरली आणि विळा लावला. धक्का बसला मात्र, दाणे सरसर पाण्यात गळले. त्याने दुसरी मूठ धरली. तेच. तिसरीला तर नुसता हात लागला. दुपारपर्यंत त्याने मोठा भारा बांधला, खळ्यावर आणून झोडला आणि खाली पाहिलं. ओंजळ सोडा, चिमूटही भरेना.

दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही. गावातली पोरं "भटजींचं पीक" बघायला खळ्यावर जमू लागली.

चौथ्या दिवशी तो चिडून पहाटेच तळ्यावर गेला, तर तिथे आधीच कोणीतरी होतं. आवडाबाई नावाची म्हातारी पाण्यात उभी होती. ऋषिपंचमीच्या व्रताला नांगराच्या कष्टाचं अन्न चालत नाही, त्या दिवशी बायका हेच देवभात खातात. ते वर्षभर आधी गोळा करून ठेवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरात होतं. विश्वंभराच्या हातातला विळा पाहून ती तोंडाला पदर लावून हसली.

"भटजी, हा काय खाचरातला भात हाय कापायला? ह्याला इला लावलात की संपला."

"मग घ्यायचा कसा?"

"कापायचा नाय. मागायचा." तिने आठवड्यापूर्वीच हिरव्या लोंब्यांचे झुबके लव्हाळ्याने बांधून ठेवले होते. आता दंव होतं, ओलाव्याने दाणे जरा धरून होते. ती एकेक झुबका हळूच बांबूच्या रोवळीवर वाकवी आणि पाठीवरून हात फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवी. अर्धे दाणे रोवळीत, अर्धे पाण्यात. "पिकला की गळतो. धनी नाय ह्याला. पान्याचा हाय तो, पान्यातच जातो. गळला नाय तर पुढल्या साली उगवंल कसा?"

विश्वंभर मुकाट्याने तिच्या बाजूला उभा राहून तिच्यासारखं करू लागला. ऊन वर आलं. आता वाऱ्याच्या झुळकीसरशी तळंभर दाणे गळू लागले, एक बारीक टिपटिप आवाज चहूकडून येऊ लागला. इतक्यात आवडाबाईने एक लोंबी त्याच्यापुढे धरली. ती तिने झटकली, पुन्हा झटकली. दाणे जिथल्या तिथे.

"ही बगा हट्टी. अशी शंभरात एखादी असते. ऊन डोक्यावर आला तरी सोडत नाय."

"तिचं काय होतं मग?"

"काय व्हायचा? पाखरं खातात, नायतर वरच्या वर कुजते. पन मला तीच आवडते. हिचं समदं दानं घरी येतात."

आवडाबाई पुढच्या झुबक्याकडे वळली. विश्वंभर मात्र ती लोंबी हातात घेऊन पाण्यात उभाच राहिला. गोळा करणाऱ्याच्या घरी हट्टी लोंबीचे सगळे दाणे पोचतात, बाकीच्यांचे निम्मेच. कोणे एके काळी कुणा बाईने घरी आणलेल्यांतले चार परसात टाकले असतील. पुढच्या साली शंभरात दोन हट्टी उगवल्या असतील. तिच्या लेकीच्या हयातीत दहा. कुणी ठरवलं नसेल, कुणाला कळलंही नसेल. गळणारे पाण्यात जात राहिले, न गळणारे घरी येत राहिले.

तो घरी धावत आला. पडवीत पाटणीची एक पेंढी होती. त्याने ती हलवली, उलटी धरून झटकली, जमिनीवर टेकवली. एक दाणा सुटला नाही. आजवर हजार वेळा त्याने अशा पेंढ्या डोक्यावर वाहिल्या होत्या आणि वाटेत दाणे का सांडत नाहीत, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. सांडणार नाहीत हे तो भाताचा धर्मच समजत होता. आणि तो धर्म कुणीतरी, कितीतरी जणींनी, नकळत घडवला होता! डोळे भरून आल्यामुळे त्याला पेंढी नीट दिसेना.

शेरभर देवभात काही झालं नव्हतं. ती एकच लोंबी घेऊन तो बुवांपुढे बसला आणि घडलं ते सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन बुवा म्हणाले, "तुला हे मी तोंडाने सांगितलं असतं तर तू माझ्याशी वाद जिंकला असतास. म्हणून तळ्यावर पाठवलं."

"पण गुरुजी, इथे निवडणारी माणसं होती. रानात कोण निवडतं?"

"आता चांगलं विचारलंस. तळ्यात कोण निवडतं? तिथे हट्टी लोंबी निर्वंश होते आणि गळणारी नांदते. निवड तिथेही चालूच आहे, फक्त हात पाण्याचे आहेत. कुठे ते हात उन्हाचे असतील, कुठे भुकेचे, कुठे रोगाचे. माणसाचा हात त्यांतला अगदी अलीकडचा. काळ किती लागला असेल, ते मोजू गेलं तर छाती दडपते. मी सत्तर वर्षं सृष्टीचं स्तोत्र म्हणतो आहे रे, पण ती अजून घडते आहे हे मनात आलं की मला हात जोडायलाही सुचत नाही."

विश्वंभराने खालच्या आवाजात विचारलं, "आणि माणूस?"

बुवा हसले. "आलास मूळ दुखण्यावर! तुझं भांडण भाताशी नव्हतंच. माणसाचं मला तपशिलाने ठाऊक नाही; हाडं आणि रक्त तपासण्यात ज्यांनी जन्म घालवला त्यांना विचार. मी एवढंच सांगतो, पूर्वज साधा निघाला म्हणून वंशज हलका होत नाही. आपल्या बायाबापड्यांनी त्या रानगवताला नाव काय दिलं? देवभात. वर्षातून एकदा ऋषींच्या नावाने ते पानावर वाढतात. कुणाचं पान बाटलं का त्याने?"

पौर्णिमेला गाव जमलं. विश्वंभर उभा राहिला. सगळे मोठ्या अपेक्षेने ऐकू लागले. तो म्हणाला, "बियाणं बाटलेलं नाही. माझी हरकत नाही." आणि खाली बसला. 'मी चुकलो' हे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तळ्याची हकीकत सांगायची तर ते आधी म्हणावं लागलं असतं, म्हणून तीही गिळली. भटजीच ते!

लोक गोंधळले. तेव्हा शास्त्रीबुवांनी बाईंना एकच विचारलं, "या बियाण्याबद्दल तुम्हांला काय माहीत नाही, ते सांगा."

कुमुदबाई म्हणाल्या, "पुष्कळ. करपा कधीच येणार नाही असं मी म्हणत नाही. अकरा हंगामांत आला नाही, एवढंच म्हणते. पेंढा गुरं आवडीने खातील का, ठाऊक नाही. खोलगट खाचरात ते उभं राहील असा माझा अंदाज आहे, पण करून पाहिलेलं नाही. म्हणून सगळं शेत देऊ नका. शेजारी तुमची पाटणीही लावा, आणि काय ते तुम्हीच पाहा."

"मंग तुमाला म्हाईत काय हाय?" रावजीने विचारलं, आणि हशा पिकला. बाईही हसल्या. पण ज्याने पेंढ्याखेरीज काही नेलं नव्हतं, त्या रावजीला गमावण्यासारखं तरी काय होतं? त्याने एक वरचं आणि एक खालचं खाचर देऊ केलं.

वर्ष फिरलं. आश्विनात करपा पुन्हा आला. पाटणी निम्मी जळली. तिच्या शेजारी वरच्या खाचरातलं नवं भात हिरवंगार, लोंब्यांनी वाकलेलं उभं. खालच्या खोलगट खाचरात मात्र ते पाण्यात आडवं झालं होतं आणि कुजत होतं. रावजी बांधावर हाताची घडी घालून बाईंची वाट बघत होता. मोठ्या माणसांच्या सबबी त्याने आयुष्यभर ऐकल्या होत्या.

कुमुदबाई आल्या. वरच्या खाचराकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी साडी खोचून त्या खालच्या चिखलात उतरल्या, पडलेली ताटं उचलून एकेकाची उंची मोजली आणि वहीत लिहू लागल्या.

"काय लिवताव?" रावजीने विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं, "खोलगट खाचरात भात आडवं पडलं. ताटाच्या बळाचा माझा अंदाज चुकला."

"हा कागद कुनाला दावनार?"

"सगळ्यांना. छापून येईल."

"तुमची चूक? छापून?"

"हो तर. नाहीतर पुढचा माणूस तीच करील."

रावजीने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "वरची समदी खाचरं पुढल्या साली तुमच्या भाताची. आनि ह्या खालच्याचं काय ता आपन दोघं मिळून बगू."

बांधावर विश्वंभरही उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं.

त्या संध्याकाळी प्रवचनाला बुवांच्या जागी तो बसला होता. मंगलाचरण झालं आणि तो म्हणाला, "गेल्या वर्षी याच जागेवरून मी तुम्हांला एक गोष्ट न पाहता, न विचारता सांगितली. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मी चुकलो."

खांबाला टेकून डुलक्या घेणारा रावजी उठला आणि पुढे येऊन बसला. "आता सांगा, भटजी," तो म्हणाला.

विश्वंभराने तळ्याची हकीकत सांगितली. गळणारे दाणे, हट्टी लोंबी, ती घरी आणणाऱ्या, नाव-गाव कुणालाच ठाऊक नसलेल्या हजारो वर्षांतल्या बाया. तो थांबला तरी कोणी उठेना. आवडाबाई आणि तिच्या मागे बसलेल्या बायका आपापल्या हातांकडे पाहत होत्या.